निवळी

उद्यमबागेत बंद पडलेल्या फौंड्रीची शेड,
भिंतींना अजून साच्याच्या वाळूचा वास,
त्यात आमच्या तीन टाक्या.
पहिला घाणा निघाला तो भाताच्या पेजेसारखा.
चव बरी होती. पण गिऱ्हाईक
आधी डोळ्यांनी पितं.

पुण्याच्या पुरवठादारानं पुडी पाठवली,
पांढरी, भुरभुरीत.
म्हणाला, चिमूटभर टाका, दोन दिवसांत आरसा.
मी मागची बारीक अक्षरं वाचली :
माशाच्या फुग्याचा सरस.

अण्णा दिवस मावळल्यावर ताटाला शिवत नाहीत,
कांदा आमच्या उंबऱ्याच्या बाहेर,
आणि नेमगोंडा पाटलांची लेक बिअर करते
हे बोरगावात कुणी मोठ्यानं बोलत नाही.
त्यात आणि मासा कशाला?
यल्लप्पा हसला, टाकी घासता घासता :
"दारूत सोवळं बघूलालीस काय, अक्का?"
होय की, म्हटलं.

मग आईची निवळी आठवली.
दूधगंगेला लाल पाणी आलं की
घागरीच्या पोटात ती बी फिरवायची,
गोल, गोल, हात कोपरापर्यंत आत,
सकाळी तळाशी नदीचा काठ बसलेला
आणि वर नुसतं पाणी.
शहापुरात काष्ठौषधीच्या दुकानात मागितली.
दुकानदारानं शिडी लावली,
वरच्या खणातला डबा फुंकला, म्हणाला,
हे मागणारं गिऱ्हाईक मेलं सगळं.
उगाळली. बादलीतलं पाणी निवळलं.
बिअर तशीच गढूळ बसून राहिली,
रुसलेल्या जावयासारखी.

मग संकेश्वरच्या अलीकडे एका गुऱ्हाळावर गेले.
कल्लाप्पा गुळव्या रानभेंडीची खोडं ठेचत होता.
चीक काहिलीत पडला की
मळी फेसाला धरून वर येते, तो झाऱ्यानं ओढतो.
"रस कशाचा तुमचा?"
सातूचा, म्हटलं.
"सातूला रस?"
थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला,
मग चार खोडं बांधून दिली, पैसे घेतले नाहीत.

पहिल्यांदा प्रमाण चुकलं.
पेला तिरका केला तर तार लोंबायची.
दोनशे लिटर मोरीत.
दुसऱ्यांदा निम्मं, उकळी संपायच्या वीस मिनिटं आधी.
काळपट मळी वर आली, ओढली, राहिलेली खाली बसली.
पुढं भेंडीचं काही काम नव्हतं.
पुढं एक अंशाची थंडी
आणि हात बांधून बसणं.
दोनदा लाईट गेली. यल्लप्पानं जनरेटरपाशी झोप काढली.
बाहेरची पाटी कुठल्या भाषेत लावायची
याची नोटीस टेबलावर तशीच पडून होती,
तिच्यावर चहाच्या कपाचे गोल.

सोळाव्या दिवशी तो स्टुलावर चढला,
पेल्याच्या मागे बॅटरी धरली
आणि म्हणाला, "तिळी आतु."
तिळी म्हणजे नितळ.
तिळी म्हणजे कळणंही.
आम्हाला त्याला दोन शब्द लागतात,
आणि तरी.

अण्णा मोतीबिंदूचं दाखवायला शहरात आले होते.
काळा चष्मा, हातात दवाखान्याची चिठ्ठी.
येणार नाहीत वाटलं होतं. आले.
पेला नाकापासून लांब धरला,
त्यातून चिठ्ठीवरचं औषधाचं नाव वाचलं,
अक्षर न् अक्षर.
प्यायचा प्रश्न नव्हता, त्यांनाही, मलाही.
मग टाकीच्या बुडाकडे बोट केलं :
"खाली बसलं ते?"

विहिरीवर पाणी गाळून झालं की
फडक्यात राहिलेली जिवाणी
ते कडीच्या गडूतून परत सोडायचे,
वरून ओतायचे नाहीत, पाण्याला टेकवून,
ज्या पाण्यातली त्याच पाण्यात.
मी टाकीला टेकून बघायची तेव्हा... 
टाकीला नव्हे, रहाटाला.

"पुढच्या घाण्यात घालतो, अण्णा. जिवंत आहे ते."

काही बोलले नाहीत.
दाराकडे बघितलं, ऊन किती उरलंय.
खिशातला रुमाल काढला, दुपदरी केला,
तांब्याच्या तोंडावर ताणून धरला
आणि म्हणाले,
नळ सोड.