कोरी बशी

हडर्सफील्डची नदी. लिहायचं कोल्न, म्हणायचं कोन.
हेडली आर्मिटेज शपथेवर सांगतो,
लहानपणी पुलावरून वाकून बघितलं की कळायचं
गिरणीत आज कुठला रंग लागलाय:
मंगळवारी निळी, शुक्रवारी बाटलीहिरवी.
आता नदी स्वच्छ दिसते.
म्हणून तर मला नेमलंय.

सकाळी सहाला सांडपाण्याच्या तोंडाशी
काचेच्या बाटल्या, लोखंडी बादली, सुती दोर.
अंगावर सुती कोट, नुकता धुतलेला.
आमच्या गल्लीत सोवळं रेशमाचं असायचं,
कापसाला विटाळ चटकन लागायचा.
इथे उलटं. इथे कापूसच तेवढा सोवळा.

पाणी गाळायचं.
पुरीएवढी पांढरी चकती, पन्नास अंशांवर वाळवायची,
गाळण्याआधी वजन, वाळल्यावर वजन,
तराजूचं काचेचं दार लावून, श्वास धरून.
मग भिंगाखाली:
एक तुटलेली वेलांटी, निळी.
दोन उकार. एक काना.
नुसती मोडतोड, अक्षर एकही पुरं नाही.
तापलेली सुई जवळ नेली
की कापूस ढिम्म हलत नाही,
पॉलिएस्टर लाजाळूसारखं आक्रसतं.
आक्रसलं की मी वहीत एक रेघ ओढते.
चार रेघा, पाचवी आडवी.
अशी पानंच्या पानं.

आणि दर खेपेला एक कोरी बशी.
झाकण काढून टेबलावर ठेवून द्यायची, बस.
तिच्यात जे पडेल ते नदीचं नाही,
ते खोलीचं, हवेचं, आपलं.
ते शेवटी आकड्यातून वजा करायचं.

बशी कोरी कधीच निघत नाही.
गुरुवारी दोन, बुधवारी एक,
सोमवारी मात्र सात, आणि सातही नारिंगी.
झरोके पुसले. पडदा काढला.
प्रिसिलाला मफलर घरी ठेवायला लावला, ती दोन दिवस बोलली नाही.
पुढच्या सोमवारी पुन्हा सात.

दाराबाहेर खुंटीला माझं जॅकेट होतं.

पहिल्या नोव्हेंबरात हेडलीनं दिलेलं.
ढगळ, गळ्यापर्यंत झिप, आत शिक्का: सदोष माल.
दोष काय ते मला अजून सापडलेला नाही.
एकतीस वर्षं तो त्याच यंत्रावर होता,
तारेच्या काट्यांनी कापड खाजवत राहायचं
लव उभी राहीपर्यंत.
ती लव म्हणजेच ऊब,
आणि जी सुटते तीही तीच.
रविवारी मी ते धुते.

इचलकरंजीत बाबा मागावरून यायचे
ते भुवया पांढऱ्या करून.
आई उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही,
अंगणातच झटकायची, डोक्यापासून, जोरात,
जरा रागानं, जरा मजेनं.
तो कापूस कुणी मोजला नाही.
खोकल्याच्या कागदावर डॉक्टरनं 'धूळ' लिहिलं
आणि खाली फी.

हेडली विचारतो, किती निघालं?
मी आकडा सांगते. लिटरमागे इतके.
हे जास्त म्हणायचं का कमी?
सांगता येत नाही, त्यासाठी रेघच आखलेली नाही अजून.
तो टोपी काढतो, आत बघतो, परत घालतो.
मनात एकतीसनं गुणतोय, ओठ हलताना दिसतात.
मध्येच सोडून देतो.
म्हणतो, पण गरम आहे ना?
आहे.

अहवालात शेवटचा रकाना: वजा.
तिथे सात.
बाजूला कारण लिहावं लागतं, नियम आहे.
मी लिहिते: नारिंगी, जॅकेटचे.
जॅकेट कुणाचं? माझं.
कुठून आलं? एवढी जागा रकान्यात नाही.

साडेचारला अंधार पडतो.
पुलावर वारा खालून, पाण्यावरून येतो.
मी झिप गळ्यापर्यंत ओढते.