चिमटीत

तीस वर्षं कातडी हाताळतोय,
रविवार पेठेत, जिन्याखालच्या दुकानात.
कुठलं कातडं उन्हात जास्त वाळलं,
कुठलं वादी ओढली की फाटेल,
आधी अंगठ्याला कळतं, मग मला.

रुखसारच्या गुडघ्यावरचा डाग
म्हणून मीच आधी दाबून पाहिला.
जांभळट कडा, मधे हस्तिदंती चकाकी,
लव नाही, घाम नाही.
बटणाएवढा होता. थंडी पडेपर्यंत पट्टा झाला,
मांडीवरून पोटरीकडे निघालेला.
चिमटीत धरायला गेलो, येईना.
पुडी फार चढली की अशीच मुकी होते.

शेजारी म्हणाले, कोड.
एकीने त्याहून वाईट शब्द काढला, हळूच,
आणि आमच्याकडचा चहा तसाच ठेवून उठली.
पोरीने खो-खो सोडला.
विचारलं तर म्हणे, बूट चावतात.

ससूनच्या ओपीडीत डॉक्टरबाईंनी
अंगठ्याने दाबलं, मग चिमूट धरून पाहिली.
माझ्यासारखीच. तिथेच निम्मा धीर आला.
नाव सांगितलं, मी वादीच्या पावतीमागे लिहून घेतलं:
मॉर्फिया.
लागट नाही. कॅन्सर नाही.
आतले अवयव आवळणारा आजार वेगळा,
हा कातडीपुरता, फार तर तिच्या खालपर्यंत.
कशाने होतो?
"नक्की कुणालाच माहीत नाही.
शरीर आपल्याच कातडीवर उलटतं,
कोलॅजनचे थर चढवत सुटतं."
मी म्हटलं, म्हणजे शाई जास्त झाली.
त्यांना कळलं नाही, पण हसल्या.

पेन्सिलीच्या जाडीएवढा तुकडा काढला. एक टाका.
मग शुक्रवारची गोळी,
आठवड्यातून एकदाच, चुकूनही रोज नाही,
म्हणून कॅलेंडरवरचे शुक्रवार मी लाल केले.
शनिवारी दुसरी, पिवळी.
ठरल्या तारखेला रक्त, लिव्हरसाठी.
शुक्रवारी रात्री ती लिंबू हुंगत झोपते
आणि मी जागा.

दिव्यांच्या कपाटात काळा चष्मा लावून उभी राहते.
बाहेर बाकावर मी मिनिटं मोजतो,
बोटं आपोआप मांडीवर ठेका धरतात.
फिजिओवाली म्हणते, गुडघा वाकव, अजून,
इथे आखडला तर हाड वाढेल, पाय मागे राहील.
रुखसार रडते आणि वाकवते.

आम्ही कातडं रात्रभर भिजत घालतो, सकाळी ऐकतं.
माणसाचं तसं नाही.

चौदा महिने झाले.
कडेचा जांभळा रंग गेला,
म्हणजे आतली आग निवली, बाई म्हणाल्या.
तपकिरी पट्टा राहिलाय, जरा खोलगट.
तो राहणार. गोळीही अजून आहे.

काल दुकानात आली,
समोर मांडी घालून बसली, सहज,
वाकून मला गठ्ठा दिला.
मी बघितलं नाही असं दाखवून
गजऱ्यावर हातोडी मारली. तिरकी बसली.
"अब्बा, उतरला."
उतरला होता खरा.