चौथा पाय

शेडमध्ये एकोणीस यंत्रं, घरात माणसं दोन.
एवढा मळ आणायचा कुठून?
हॉल्व्हर टॉवेल धुतो, वाळवतो,
तेच पुन्हा धुतो,
नुसतं पाणी फिरताना बघायला,
झाकणाच्या काचेला नाक लावून.
गॅरेजवाल्या आर्विडला मी सांगून ठेवलंय,
ग्रीसच्या डांगऱ्या इकडे आणत जा, पुण्य लागेल.

हे तांब्याच्या टाकीचं, पिळायला दोन रबरी लाटणी.
हे गुलाबी, जमिनीला बोल्टने जखडायचं.
हा ड्रायर: आत निळा दिवा लागायला हवा.
लागत नव्हता. दोन हिवाळे गेले त्यात.

ऑक्टोबरात बेमिजीपलीकडच्या एका शेतघरातून
पिकअपला बांधून आणलं हे हिरवट,
उंदरांनी संसार थाटलेलं.
घुसळणीच्या बुडाशी निघाल्या
हेअरपिना सात, शर्टाची बटणं,
एक दुधाचा दात.
सगळं बरणीत गेलं, वर चिठ्ठी.
पट्टा बदलला. गळकं सील बदललं.
एक पाय आखूड, त्याखाली
कुणीतरी ठोकलेली लाकडी चकती, तीही झिजलेली.
त्याने नवा पाय ओतून घेतला.
पातळी ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर.
यंत्र इतकं गुपचूप चाललं
की मी हात ठेवून खात्री केली.

मार्चमध्ये त्या घरची मुलगी आली,
ऑर्डिस, वय एक्क्याऐंशी, कानाला मशीन.
एक फेर पुरता ऐकला तिने, उभ्यानेच.
"छान केलंत. पण हे आमचं नाही."
हॉल्व्हरने क्रमांकाची पट्टी दाखवली.
"आमचं चालायचं," ती म्हणाली.
"हेही चालतंय की."
"तसं नाही. पायांनी."

पिळायला लागलं की भिंत सोडून
थेट दाराकडे निघायचं म्हणे,
आणि आई हातातलं टाकून धावायची,
त्याच्यावर जाऊन बसायची.
दिवसभरात तेवढीच बसायची.

हॉल्व्हर काही बोलला नाही.
पाना घेतला, गुडघे टेकले
(तेही वाजले),
पाच महिन्यांचं काम
चार आटे उलटे फिरवून मोडलं.
ओल्या चादरी मुद्दाम एका अंगाला कोंबल्या.

आधी थरथर. मग एक पाऊल.
मग धाड धाड, बरण्या किणकिणल्या,
मी मागे सरले.

ऑर्डिसने कानातलं काढून पर्समध्ये ठेवलं,
कोट सावरला,
आणि चढून बसली.