पोटरीचा घेर

रुवीत, पोस्टामागच्या गल्लीत, दोन खोल्यांत आम्ही सहा जणी.
चूल माझ्या वाट्याला फक्त शुक्रवारी,
जुम्म्याच्या नमाजाच्या तासाभरात.
तेवढ्यात तेल उतरवायचं.

निर्गुंडीचा पाला मी सुक्या जवळ्याच्या पिशवीतून आणलेला.
पहिली खेप जवळ्यासारखी वासली. ओतून दिली.
दुसरी करपली.
तिसऱ्या खेपेला मत्रहच्या बाजारात मंजिष्ठा मिळाली.
बलुची म्हातारा म्हणाला, लोक ही कापड रंगवायला नेतात.
म्हटलं, मी पायांना नेतेय.
त्याने स्वतःचा पाय पुढे केला.

मंद आच. कल्क तळाला लागू द्यायचा नाही.
फेस आला की हात सावध,
बोटांत कल्काची वात वळली पाहिजे,
पेटवली तर ती चटचटायला नको.
हे मिरजेच्या कॉलेजात शिकले.
तो कागद इथे चालत नाही,
म्हणून फार्मसीच्या काउंटरमागे
दहा तास
मीही उभीच.

उभ्याने पोट भरणारी माणसं शोधली.
खेडचा दाऊद मुकादम, इस्त्रीवाला:
कातडीखाली कुणी सुतळी चुरगाळून ठेवावी तशी डावी पोटरी.
मारिसेल, सुपरमार्केटच्या गल्ल्यावर:
गुडघ्यामागे निळी कोळिष्टकं, वर जाड मोजे.
कुंजुमोन, पराठे लाटणारा.
आणि बँकेच्या दारातला टेकबहादूर.
त्याच्या दाराशी खुर्ची आहे,
पण ती साहेबांच्या पार्किंगची जागा अडवायला.

शिंप्याची टेप. गुडघ्याखाली चार बोटं, पेनाचा ठिपका.
मोजायचं संध्याकाळीच,
सकाळी सगळेच पाय खोटं बोलतात.
लाल बुचाच्या बाटलीत माझं तेल,
निळ्या बुचाच्या बाटलीत नुसतं तीळतेल, किंवा उलट,
वासापुरता कापूर दोन्हींत.
कुणात काय, ते फक्त जुलेखाला ठाऊक;
चिठ्ठी तिच्या लवंगांच्या डबीत.
सूचना सगळ्यांना एकच:
खालून वर चोळा, हलक्या हाताने, शीर दाबायची नाही,
मग पाय उंचावर, पंधरा मिनिटं.

तिसऱ्या आठवड्यात कुंजुमोनची पोटरी तापली,
लाल, टणक, हात लावू देईना.
त्याला तेल नाही दिलं, टॅक्सीत घातलं.
डॉक्टर म्हणाल्या, गाठ होती, बरं केलंत आणलंत.
वहीत त्याच्या नावावर आडवी रेघ.

सहा आठवडे.
लाल बूच: पाऊण सेंटिमीटर कमी.
निळं बूच: पाऊण सेंटिमीटर कमी.
जुलेखाने डबी उघडली, चिठ्ठीला लवंगेचा वास,
आणि मला तो कागद वाचायचाच नव्हता.
टेकबहादूर मात्र दीड!
दीड.
पुन्हा मोजलं, दुसऱ्या टेपने.

बाटली आणली का रे?
तो ओशाळला.
"ती पहिल्याच आठवड्यात घरी धाडली, चुलतभावाच्या हाती.
आई अजून कपाळाला पट्टा लावून गवताचे भारे चढवते.
तिच्या नसा माझ्याहून जाड.
मी रोज नुसते पाय वर केले, बॅगेवर.
तुम्ही सांगितलं होतंत ना."

अकरा रियाल, दोन पातेली, सात शुक्रवार.
दाऊद अजून विचारतो, बाटली कधी?
त्याला तो वास हवा असतो. म्हणतो,
दिवसभरात तेवढाच वेळ कुणी मला बस म्हणतं.
त्याला नुसतं तीळतेल देते, कापूर घालून,
आणि तसं सांगूनच देते.

वहीत एक ओळ वाढवली आहे.
टेकबहादूरची आई. पाल्पा. वय, तो म्हणतो, साठ असेल.
आधीचा घेर: माहीत नाही.
नंतरचा घेर:
इथे टेप पोचत नाही.
त्याला म्हटलं, फोनवर तिला विचार,
बसते का?