अंगठा

पहाटे चारला मेरिमॅकच्या मुखाशी
गाडीचे दिवे विझवले.
ड्वेनने थर्मासचं झाकण फिरवलं नि म्हणाला,
"ओहोटीला चाळीस मिनिटं आहेत अजून."
त्यानंतरची चाळीस मिनिटं
कोणीच काही बोललं नाही.

कॉर्डेलिया टॉर्च दातांत धरून
पकडीने गळांचे उलटे काटे चेपत बसली होती.
काटा सपाट केला की
आत गेलेला गळ बाहेर येताना फाडत नाही.
"माझ्या वकिलाला सांगायला हवं हे,"
फुर्तादो म्हणाला.
त्याचा घटस्फोट मार्चमधला.
आम्ही थोडं उशिराच हसलो.

उजाडल्याचं सुरय पक्ष्यांनी कळवलं.
वाळूच्या दांड्यापलीकडे ते एकाएकी कोसळू लागले
आणि खालचं पाणी
फोडणीत मोहरी पडावी तसं तडतडलं.
पोगी माशांचा थवा वर,
आणि त्यांच्या खाली, न दिसणारे,
ते.

पहिला कॉर्डेलियाला. दुसरा मला.
मग रिळं अशी करकरू लागली
की कोणाचं कुठलं ते कळेना,
फुर्तादोची दोरी माझ्या दोरीत,
ड्वेन कमरेएवढ्या पाण्यात शिव्या देत,
आनंदाच्या.

हात आधी ओले करायचे.
कोरडा हात माशावरची साय ओढून नेतो.
अंगठा खालच्या जबड्यात घालून
तोंड प्रवाहाकडे करून धरायचं,
वाट पाहायची.
अंगावरचे सात पट्टे मोजायला तेवढाच वेळ मिळतो,
एखादा मध्येच तुटलेला,
वहीवर रेघ मारताना कोणी ढकलावं तसा.
मग जबडा आवळतो,
शेपटीचा एक फटका,
आणि बाही कोपरापर्यंत भिजलेली.

फुर्तादोचा आजा ग्लॉस्टरच्या बोटींवर होता.
तो म्हणायचा म्हणे, धरून सोडायचं असेल
तर त्याला मासेमारी म्हणू नका,
लहान मुलं माशीच्या पायाला दोरा बांधतात,
त्यातलंच ते.

नऊच्या सुमारास ड्वेनची दांडी वाकली
ती सरळ होईना.
त्याने जिवंत वाम लावली होती.
गोल गळ होता, नियमाप्रमाणे,
तरी पार आत गेला होता.
बेचाळीस इंच.
कल्ल्यांतून येणारं रक्त पाण्यात पसरत होतं,
चहात दूध पसरतं तितक्या शांतपणे.

पंचवीस मिनिटं त्याने तिला धरून ठेवलं.
मादी होती. एवढी मोठी मादीच असते.
पुढे, मागे, पुढे.
जबडा काही आवळला नाही.
पोटाचा पांढरा भाग वर येत राहिला,
तो पुन्हा पुन्हा खाली वळवत राहिला.

"घरी ने," फुर्तादो म्हणाला. "कोण बघतंय?"
किनारा खरंच रिकामा होता.
पण एकतीस इंचांवरचा मासा परत पाण्यात,
जिवंत असो की मेलेला.
ड्वेनने हात सोडला.
ओहोटी तिला सावकाश घेऊन गेली.
दोन कुरव आले, नंतर बरेच.
कॉर्डेलिया तिकडे पाठ करून
उगाचच गुंता सोडवत बसली.

आम्ही मासे धरणं थांबवलं नाही.
हेही सांगायला हवं.

ड्वेनने मात्र लाकडी आमिषाचे गळ
एकेक करून काढले, खिशात टाकले,
आणि दुपारपर्यंत तसंच फेकत राहिला.
मासे येत, धडकत, पाणी उसळे,
दांडीचं टोक एकदा लवे,
आणि सुटे.
दर वेळी तो हलकेच "हां" म्हणे.

संध्याकाळी मुलीने विचारलं, "किती?"
"अकरा."
"दाखव."
मी अंगठा पुढे केला,
किसणीवर घासल्यासारखा, लाल.
तिने त्यावरून बोट फिरवलं,
नाक मुरडलं, वास घेतला, पुन्हा घेतला.

रात्री स्वेटर काढताना
तो लोकरीत अडकला.
सोडवायला घाई केली नाही.