या संगणकाविषयी

लॅमिंग्टन रोडला, दुसऱ्या मजल्यावर
नौशाद खोतनं माझं मशीन उघडून ठेवलंय,
साफ करायला घेतलेल्या सुरमईसारखं.

बोर्ड तैवानचा, रॅम कुणाच्या तरी मोडीतली,
कॅबिनेट मी भायखळ्याहून टॅक्सीत मांडीवर आणलेलं.
आणि यावर चालवायचीय ती सिस्टिम
जी, कंपनी म्हणते, आमच्याच पेटीत नांदेल.

"नांदते कुठंही," नौशाद म्हणतो,
"फक्त उंबऱ्यावर विचारते, तू कोण?
सांगायचं, तुझ्याच घरचा."

आणि तो सांगतो. एका एवढ्याशा फाइलीत
खोटं नाव, खोटा नंबर,
कुठल्या कारखान्यात कुठल्या आठवड्यात जन्म,
सगळं दाखल्यासारखं.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावतात,
अडतात.
पुन्हा.
चहा येतो, त्यावर साय धरते.
सातव्यांदा उगवतं
ते उष्टं फळ.

ही चोरी का रे?
लग्नपत्रिका लावते मी, खेतवाडीत, चौदा वर्षं.
त्यांची पेटी घ्यायची तर
अजून पाचशे लग्नं लावावी लागतील.
"करारात लिहिलंय, करू नये.
मी वाचलाय ताई. तुम्ही?"

कंपनी दर दोन-चार महिन्यांनी कुलूप बदलते.
कधी आवाज जातो, कधी वायफाय.
मग जगात कुठं तरी कुणी रात्र जागवतो
आणि गुरुवारपर्यंत किल्ली नौशादच्या पेनड्राइव्हवर.
आता म्हणे चिपच त्यांनी घरी घडवली,
पुढची सिस्टिम आपल्या बोर्डांशी बोलणारच नाही.
"मग?"
"मग काय. आहे तोवर आहे. अपडेट दाबू नका."

पावतीवर छापलंय: परुळेकर कॉम्प्युटर्स.
हे परुळेकर कोण?
"दोस्त. गाळा त्याच्या नावावर.
खोलीही.
सोसायटीच्या फॉर्मवर आडनावाचा रकाना होता."
एक स्क्रू उरला होता,
तो त्यानं माझ्या तळहातावर ठेवला.

घरी आल्यावर कोपऱ्यातला मेनू उघडला,
या संगणकाविषयी.
तिथं ते दुसऱ्याचं नाव, स्वच्छ, करड्या अक्षरांत.
खिडकी मिटली. शिरोडकरांची पत्रिका उद्या द्यायचीय.
आमचे येथे श्रीकृपेकरून, टाइप केलं.
जोडाक्षरं नीट उमटली.