पायात घातलेलं पान

दिवस इथे जेवणाआधीच मावळतो.
मग उरते ती लोकर,
शार्कच्या तेलाचा एक दिवा,
आणि गवताळ छपराखाली, भिंतीलगतच्या खाटांवर
अकरा माणसं.
खालून मेंढ्यांची ऊब वर येते, वासासकट.

सोल्वी पोथी उघडतो.
काजळीने काळवंडलेलं कातडं.
दर दोन पानांमागे एक वासरू,
असा हिशेब कुणा पूर्वजाने शेवटी मांडून ठेवलाय.
कुणी लोकर पिंजतं, कुणी घोड्याच्या केसांचा दोर वळतं.
हात थांबता कामा नयेत, एवढीच अट.

पहिली सात पानं नुसती नावं:
अमक्याचा मुलगा तमका, त्याची मुलगी, तिचा दीर,
कोण कुठल्या खाडीत उतरला,
कुणी कुठल्या टेकडीला आपलं नाव दिलं.
कंटाळा कुणालाच येत नाही.
ती टेकडी दारातून दिसते.
तिच्यामागे यांची मेंढरं हरवतात.

मेलेल्यावर इथे पुष्पवृष्टी होत नाही.
भांडण एका कुरणावरून,
समुद्राने आणून टाकलेल्या ओंडक्यावरून,
जेवताना कुणाला कुठे बसवलं यावरून.
आणि सांगणारा कुणाच्या मनात शिरत नाही.
एवढंच म्हणतो: तो गप्प झाला.
चेहरा लाल झाला, मग पांढरा.
त्याने विचारलं, घोड्यावर खोगीर चढवलंय का?
आणि अट मोडून
सगळे हात जागच्या जागी थांबतात.

सागा म्हणजे सांगितलेलं.
आपल्या 'सांगा'वरचं टिंब
वाटेत बर्फात कुठेतरी पडून गेलं असावं,
असा शब्द.

ह्या पोथीतलंही एक पान नाही. एकविसावं.
विसावं संपतं तेव्हा ओढ्यापाशी दोघे समोरासमोर,
मधे वितळतं बर्फ.
बाविसावं सुरू होतं वाक्याच्या मधूनच:
'...आणि पहाटे त्याला घोड्यावर बांधून घरी आणलं.'
पहिला घाव कुणाचा,
ते दुष्काळात जोडा झालं.

राखेचं वर्ष होतं ते. गवत विषारी.
स्टेनवोर पाच वर्षांची.
आईने सुरी घेतली, पोथीकडे पाहिलं,
मग मुलीच्या पायांकडे.
अक्षरं आतल्या बाजूला.
त्या जोड्यांत ती शत्रूच्या खोऱ्यापर्यंत चालत गेली,
वाळका मासा मागायला.
मिळाला.

त्यानंतर सत्तर हिवाळे
सोल्वी, त्याच्या आधी त्याचा बाप,
विसाव्या पानाशी थांबून तिच्या खाटेकडे बघत.
तिला वाचता येत नसे.
"माझ्या टाचेला माहीत आहे," म्हणायची,
आणि सांगायची.
एका साली घाव आपल्याकडचा, एका साली त्यांचा,
एका साली घाव नाहीच,
ओल्या दगडावरून पाय घसरला नुसता.
खोटं बोलतेस, असं कुणी म्हटलं नाही.
उलट ज्या वर्षी गोष्ट जशीच्या तशी यायची
त्या वर्षी म्हातारे कुरकुरत.

यंदा तिच्या खाटेवर पिंजलेली लोकर ठेवलीय.

विसावं पान संपलं.
सोल्वीने वात पुढे सारली. उगाच.
कुणी खोकलं.
मग दाराजवळच्या खाटेवरून केटिलरीदुर बोलली.
वसंतात चाकरीला आलेली, त्या खोऱ्यातली,
आल्यापासून दहा शब्द न बोललेली.
मान वर न करता, विणता विणता:

"आमच्याकडे सांगतात,
आधी दोघेही पाणी प्यायले.
मग आमचा म्हणाला, तुझा जोडा झिजलाय.
तुमचा म्हणाला,
लांब जायचं नाहीये."

बराच वेळ नुसता वारा.
एका पोराने विचारलं, मग पहिला घाव?
तिने टाके मोजले. एक उसवला.
"ते तुमच्या पानावर होतं," म्हणाली.

सोल्वीने सवयीने स्टेनवोरच्या खाटेकडे पाहिलं,
पान उलटलं,
आणि वाक्याच्या मधूनच वाचू लागला.